लीलाधरची थंडी

एकोणनव्वद सालचा डिसेंबर अर्धा झाला होता. वडखेडीच्या फ्रूटसेल सोसायटीच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर रोज केळीचा भाव आणि ज्यांच्या बागेत कापणी आहे त्यांची नावं असत. त्या सकाळी भावाच्या खाली, एरवी मोकळ्या राहणाऱ्या जागेत, सोसायटीचा सचिव लीलाधर याच्या वळणदार अक्षरात बराच मजकूर होता. तोतारामने सायकल भिंतीला टेकवली आणि तो मजकूर तीनदा वाचला.

'उत्तरेकडे या हिवाळ्यात बर्फाची वादळे एकामागून एक येणार असा अंदाज आहे. तिकडे बर्फ पडल्यावर चार दिवसांनी आपल्याकडे थंडीची लाट येते. अशा तीन लाटा धरून चालावे. पहिली साधारण, दुसरी कडक, तिसरीचे आत्ता सांगता येत नाही. ज्यांचे घड भरले आहेत त्यांनी नंबर लावून कापून घ्यावेत. बाकीच्यांनी पहाटे पाणी द्यावे, बांधावर धूर करावा.'

खाली नेहमीसारखी सही होती. पण हे कळलं कुठून, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि वर, त्याच फळ्यावर, कालच्यापेक्षा उतरलेला भाव होता.

तोताराम आत गेला. लीलाधर टेबलाशी बसून वॅगनच्या पावत्या लावत होता. दोघं एका वर्गात शिकलेले, एकमेकांना अरेतुरे करणारे. टेबलावर सोसायटीचा काळा फोन होता; दिल्लीत गावची केळी घेणारा आडत्या त्यावरच भाव कळवी. गावात दुसरा फोन नव्हता.

"हे थंडीचं तुले कोनं सांगितलं?" तोतारामने विचारलं.

"बर्फाचं दिल्लीहून कळलं."

"दिल्लीहून म्हंजे आडत्याकडून."

"फोन त्याचाच येतो," लीलाधर म्हणाला. "बाकीचं माझं मी पाहिलं."

"काय पाहिलं?"

लीलाधरने पावत्यांवर लोखंडी वजन ठेवलं आणि म्हणाला, "तोता, तुझे घड भरले हायेत. नंबर लाव. मंग वॅगनमधी जागा राहनार नही."

त्याने प्रश्नाला इतक्या सहज बगल दिली, की तोतारामच्या मनात पहिला काटा तिथेच रुतला. ज्याला काही लपवायचं नसतं तो आधी प्रश्नाचं उत्तर देतो, असं त्याला वाटलं. तो बाहेर आला आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेला.

तोतारामचं असं वागणं उगीच नव्हतं. सात वर्षांपूर्वी, ब्याऐंशी साली, याच फोनवर याच आडत्याने सांगितलं होतं की रेल्वेचा संप होणार, महिनाभर वॅगन मिळणार नाही. लीलाधरने ते फळ्यावर लिहिलं, आणि सगळ्यात आधी विश्वास ठेवला तो तोतारामने. त्याने स्वतःचे कोवळे, पुरते न भरलेले घड उतरवले, आणि एवढ्यावर न थांबता चुलतभावांच्या दारोदार फिरून त्यांनाही कापायला लावलं. माल मातीमोल गेला. संप झालाच नाही. पुढच्या आठवड्यात गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या आणि भाव चढला होता. त्यानंतर दोन वर्षं चुलतभाऊ लग्नाकार्यात त्याला बघून हसत, "तोतानाना, गाडी गेली का व?" असं विचारत. ते हसणं तो विसरला नव्हता. तेव्हापासून कोणतीही बातमी आली की तो तिला उलटीसुलटी करून पाही, आणि ती कोणाच्या फायद्याची आहे ते आधी शोधी.

घरी आल्यावर त्याने बायकोला, बेबाबाईला, फळ्यावरचं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मंग नंबर लावा ना," ती म्हणाली. "घड तं भरेलच हायेत."

"भाव उतरला त्याच दिवशी थंडीची बातमी येते. तुले काही वाटत नही?"

"थंडी काय भाव पाहून येते?"

"थंडी नही. बातमी येते."

बेबाबाईने भाकरी तव्यावर टाकली. "तुमी म्हनता आडत्याले सस्त्यात माल पाहिजे. मंग तिकडं एवढा बर्फ पडला तं दिल्लीत केळं खानार कोन? तो कशाले मांगीन?"

तोतारामने टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "हेच तं. बर्फ पडेलच नसंन."

बेबाबाईने भाकरी उलटली. या माणसाच्या संशयाला ती ओळखून होती. एक दार लावलं की तो दुसऱ्या दाराने घरात येई.

दुसऱ्या दिवशी तोताराम एसटीने तालुक्याला गेला. त्या गावाबाहेर सरकारी रोपवाटिका होती, तिथे पांढऱ्या झडपांच्या पेटीत उष्णतामापक ठेवलेला असे. रोज सकाळी आकडा टिपून घेणारा धनसिंग नावाचा माणूस मूळचा शिंदखेड्याचा होता. बदली होऊन इकडे दहा वर्षं झाली तरी त्याची अहिराणी सुटली नव्हती. तोतारामने त्याला तीन लाटांबद्दल विचारलं.

धनसिंग हसला. "नाना, मी व्हई गयं ते लिखस. व्हणार शे ते लिखानं मन्हं काम नही."

"पण तिकडं बर्फ पडला की इकडं थंडी येते, हे खरं का?"

"ते खरं शे. तठे बरफ पडना का चार रोजमा आठे वारा येस. कधी पाच. कधी येसच नही."

"आणि यंदा तीनदा येईल, हे?"

"हाई कोणी सांगं तुमले?"

तोतारामने नाव सांगितलं नाही. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. सरकारी माणूससुद्धा पुढचं सांगत नाही, मग सोसायटीचा सचिव कुठून सांगतो? परतीच्या एसटीत त्याने खिडकीची काच वर केली आणि वारा तोंडावर घेऊन पाहिला. वारा गार होता, पण पौष तोंडावर आल्यावर तो गार असणारच. संध्याकाळी जळगाव आकाशवाणीच्या बातम्यांत किमान तापमानात घट होण्याची शक्यता आहे एवढंच एक वाक्य आलं. सिमल्याला बर्फ पडल्याचं दिल्लीच्या बातम्यांत सांगितलं, तेव्हा बेबाबाईने चुलीजवळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने रेडिओ बंद केला.

त्यानंतर बरोबर चौथ्या दिवशी पहिली लाट आली. सकाळी विहिरीवर वाफ दिसू लागली, गुरांच्या पाठीवरचे केस उभे राहिले, आणि बांधाकडच्या केळीच्या पानांच्या कडा पिवळसर पडल्या. तीन दिवस असं चाललं आणि मग ऊन परत तापलं. फार नुकसान कोणाचंच झालं नाही. पण चार दिवस म्हणाला आणि चार दिवसांनीच आली, यावर सगळं गाव बोलू लागलं. लोक तिला 'लीलाधरची थंडी' म्हणू लागले. सोसायटीत नंबर लावायला रांग लागली आणि पंधरा जानेवारीपर्यंतच्या वॅगनमधली जागा दोन दिवसांत भरली.

तोतारामने नंबर लावला नाही. "पौषात थंडी पडनार हे तं माझी म्हैसही सांगीन," असं तो पारावर म्हणाला. काही जण हसले, काही हसले नाहीत.

एकतीस तारखेला सकाळी तो आपल्या बागेकडे निघाला होता. वाटेत त्याने पायवाट बदलली आणि लीलाधरच्या बागेवरून गेला. बागेभोवती शेवरीचं दाट कुंपण होतं. त्याने फांद्या बाजूला करून आत पाहिलं. एकही घड कापलेला नव्हता. भरलेले, गुबगुबीत, चांगले नऊ-नऊ फण्यांचे घड बांबूच्या टेकूवर लोंबत होते. तोताराम तिथे बराच वेळ उभा राहिला. गावाला कापा म्हणून सांगणाऱ्याने स्वतःच्या झाडाला विळा लावलेला नव्हता. एवढ्या दिवसांत मनात जे नुसतं टोचत होतं त्याला आता हातात धरता येईल असा पुरावा मिळाला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी राग आला नाही, बरं वाटलं. सात वर्षांनी आपण पहिल्यांदा आधी ओळखलं, असं त्याला वाटलं.

दुपारपर्यंत त्याने ते सुपडूला सांगितलं. सुपडूची बाग तोतारामच्या शेजारी होती. तो बोलायला मोठा आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळी दिवे लागायच्या आत सोसायटीच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं जमली. लीलाधर दार ओढून घ्यायच्या बेतात होता, तो थांबला.

सुपडूने कापणीची यादी मागितली आणि सगळ्यांसमोर वाचली. दोन जानेवारीला लीलाधरचं नाव होतं. ते रेघ मारून खोडलेलं होतं आणि पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हे काय, सचिव?" सुपडूने विचारलं. "तुझा नंबर दोन तारखेचा. खोडला कोनं?"

"मीच."

"काहून?"

"दुसऱ्याले दिला."

"कोनाले दिला?"

लीलाधरने एकदा ओट्यावरच्या सगळ्यांकडे पाहिलं. त्याची नजर तोतारामवर जरा जास्त थांबली, असं निदान तोतारामला वाटलं. मग तो म्हणाला, "ज्यानं मांगितला त्याले ठाऊक. ते चारचौघात सांगायचं नही असं ठरेल हाये."

ओट्यावर कुजबुज झाली. तोताराम पुढे झाला. आवाज न चढवता, एकेक शब्द नीट मांडत तो बोलला. "आमी सांगतो. गावाचा माल उतरला की बाजारात माल राहनार नही. मंग भाव चढन. तेव्हा ज्याच्या झाडावर घड असन तो राजा. ब्याऐंशीले पन असंच झालं होतं, का नही?"

ब्याऐंशी म्हटल्यावर लीलाधरचा चेहरा उतरला. तोतारामने ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. लीलाधर म्हणाला, "दुसरा बर्फ आज पडला. चार तारखेच्या पुढं जपा. कापायचं नसन तं नका कापू, पन पानी आनि धूर सोडू नका." एवढं बोलून त्याने कुलूप लावलं आणि तो निघून गेला. मागे कोणीतरी ओल्या फडक्याने फळा पुसून टाकला. तोतारामने पुसला नाही, पण थांबवलंही नाही. नंबर लावलेल्यांपैकी सात-आठ जणांनी दुसऱ्या दिवशी आपले नंबर मागे घेतले, आणि त्या जागा मागे थांबलेल्यांनी लगेच घेतल्या.

दोन तारखेला सकाळी ऊन वर आलं तेव्हा तोताराम बागेत पाणी वळवत होता. बांधावर दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. केळी कापणारा चिंधा आणि त्याचे चार मजूर विळे घेऊन उतरले.

"राम राम नाना. कुठून सुरू करू?"

"काय सुरू करतो?"

चिंधाने खिशातून सोसायटीची चिठ्ठी काढली. त्यावर तारीख होती, वॅगनचा क्रमांक होता आणि नाव होतं तोतारामचं.

तोतारामने चिठ्ठी उलटून मागे पाहिली, परत सुलटी करून सही पाहिली. सही लीलाधरचीच होती. त्याच्या डोक्यात पाण्यासारखे विचार एकामागून एक सरकले. आपण नंबर लावला नाही. तरी नाव आहे. आपण ओट्यावर बोललो, त्यानंतर ही चिठ्ठी आली. म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं. उद्या गावात हा म्हणेल, बघा, तोतारामनेसुद्धा कापलं.

"माझं नाव कोनं घातलं?"

"ते मले काय ठाऊक? मले चिठ्ठी दिली, मी आलो."

"परत ने."

"नाना, वॅगनमधी जागा ठेवेल हाये. घड तं पहा कसे हायेत."

"परत ने म्हनलं ना."

चिंधाने खांदे उडवले. गाड्या वळल्या. बांधावरून जाताना शेजारच्या बागेतून सुपडूने हाक मारली. परवाच लीलाधरला जाब विचारणारा सुपडू चिंधाशी हळू आवाजात काहीतरी बोलला, आणि थोड्या वेळाने त्याच्या बागेत विळ्यांचा आवाज सुरू झाला. तोताराम पाटाच्या कडेला उभा राहून तो ऐकत राहिला. सुपडूलाही यांनी फोडलं तर, एवढंच त्याच्या मनात आलं.

दुपारी जेवताना त्याने हे घरी सांगितलं. बेबाबाईच्या हातातला पळा डाळीतच राहिला.

"परत पाठवलं?"

"मंग काय करू? माझ्या नावाचा खेळ करतो."

बेबाबाई उठली, हात धुतले, आणि दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "नंबर मी मांगितला होता," ती म्हणाली.

तोतारामला आधी कळलंच नाही.

"पहिली थंडी गेली तेव्हा मी सोसायटीत गेली होती. लीलाधरभाऊले म्हनलं, आमच्या यायचं काही मन वळत नही, तुमी एक जागा द्या. ते म्हनले, पंधरा तारखेपर्यंत जागाच नही. मंग जरा थांबले आनि म्हनले, माझा दोन तारखेचा हाये, तो घ्या. मीच त्यायले शपथ घातली, यायले सांगू नका. तुमाले कळलं असतं तं तुमी घड झाडावर सडू दिले असते पन त्यायच्या नंबरावर कापले नसते."

"म्हंजे परवा ओट्यावर—"

"मी सोसायटीसमोरच्या यशोदाबाईच्या दारातून सगळं ऐकत होती. मले वाटलं आता ते सांगतीन. त्यायनं नही सांगितलं."

तोताराम ताटावरून तसाच उठला. चप्पल पायात नीट न घालता त्याने सायकल काढली आणि स्टेशनपर्यंतचे तीन कोस मारले. तो पोचला तेव्हा वॅगनचं दार बंद होऊन त्यावर सील लागत होतं. त्याची जागा सुपडूच्या घडांनी भरली होती. परत येताना उतारावरही त्याला सायकल जड लागली. सगळ्या वाटेत तो एकच गोष्ट चाचपत राहिला. बेबा खोटं बोलणार नाही, म्हणजे लीलाधरने खरंच नंबर सोडला. पण का सोडला? आपला भरलेला माल झाडावर ठेवून कोणी दुसऱ्याला जागा देतं का? त्यातही काही असेल का?

काही असेल तर ते शोधायला वेळ मिळाला नाही. चार तारखेला पहाटे सातपुड्याकडून वारा उतरला. हा पहिल्यासारखा नव्हता. तो अंगाला लागत नव्हता, अंगातून जात होता. तोताराम आणि बेबाबाई झुंजुमुंजू व्हायच्या आत बागेत गेले. विहिरीची मोटार सुरू करून पाटाला कोमट पाणी सोडलं. बांधावर केळीची वाळलेली पानं, शेणाच्या गोवऱ्या, ओला पालापाचोळा पेटवला. धूर बागेवर बसायला हवा होता, पण वारा त्याला धरून सुपडूच्या रिकाम्या बागेकडे नेत होता. बेबाबाई घडांभोवती पोती गुंडाळत होती. तिची बोटं वळत नव्हती, म्हणून ती दातांनी सुतळी ओढत होती. तीन सकाळी त्यांनी असं केलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने, पुनाने, सांगितलं, की धनसिंगच्या पेटीतला आकडा तीनवर आला होता आणि धनसिंगने तो दोनदा तपासला.

आठवड्याने ऊन परत आलं तेव्हा बाग ओळखू येत नव्हती. केळी उत्पादक ज्याला चरका म्हणतात तो सगळीकडे दिसत होता. पानं आधी पिवळी आणि मग भाजल्यासारखी तपकिरी झाली. घडांची वाढ जागच्या जागी थांबली, आणि सालीखाली काळसर रेघा उमटल्या. पोती गुंडाळलेले तेवढे काही घड वाचले. नंबर मागे घेतलेल्या सात-आठ जणांचंही असंच झालं होतं. त्यांच्यापैकी कोणी तोतारामला काही बोललं नाही. पण पारावर तो आला की ते उठून जात.

चार दिवस तोताराम घरीच बसून होता. पाचव्या दिवशी सकाळी तो लीलाधरच्या बागेत गेला. लीलाधर एकटाच करपलेली पानं कापून खाली टाकत होता. ते गुबगुबीत घड आता निर्जीव दिसत होते. तोतारामने कमरेचा विळा काढला आणि दुसऱ्या ओळीपासून पानं कापायला सुरुवात केली. दोघांनी एक-एक ओळ संपवली.

मग तोतारामने विचारलं, "तुनं तुझा नंबर माझ्यासाठी काहून सोडला?"

"वहिनी आली होती."

"गावातल्या दुसऱ्या कोनाची बायको आली असती तं? तू तुझा माल सोडला असता?"

लीलाधर विळ्याचं पातं पानाला पुसत राहिला. "ब्याऐंशीले मी ऐकलं तसं लिहिलं," तो म्हणाला. "खरं का खोटं, विचारलं नही. सगळ्यात पहिले तू कापलं. भावकीत तुले काय ऐकावं लागलं, ते मले ठाऊक हाये. मी त्या आडत्याच्या खेळात नव्हतो, पन लिहिलं मी."

"आनि आता?"

"आता आडत्यानं बर्फाचं सांगितलं तेव्हा त्याले माल पाहिजेच होता. त्याचा फायदा होताच. पन बर्फही खरंच पडला. त्याचा फायदा हाये म्हनून मी थंडी लपवू का?"

तोतारामने विळा परत कमरेला खोचला. लीलाधर त्याला बांधावरच्या झोपडीत घेऊन गेला आणि एका पिशवीतून जाड वही काढून त्याच्यापुढे ठेवली. ब्याऐंशीच्या हिवाळ्यापासून त्यात तारखा होत्या. रेडिओवर बर्फाची बातमी आली तो दिवस, आणि वडखेडीला थंडी पोचली तो दिवस. चार दिवस, पाच, चार, तीन. काही ठिकाणी 'आली नाही' असं लिहिलं होतं. शेवटच्या पानांवर, यंदासारखी थंडी दिवाळीतच सुरू झाली त्या दोन वर्षांत किती लाटा आल्या, त्याचा हिशोब होता. दोन्हीकडे तीन होत्या.

तोतारामने वही उजेडात नेली. मागची पानं आणि पुढची पानं आलटून-पालटून पाहिली. शाई सगळीकडे एकाच रंगाची आहे का, हे तो पाहत होता. एका बैठकीत लिहिलेली वही असती तर कळलं असतं. शाई कुठे निळी, कुठे काळी, कुठे पुसट होती, एका पानावर चहाचा डाग होता, आणि पंच्याऐंशीच्या पानाला वाळवी लागली होती. लीलाधर त्याचं पाहणं पाहत होता.

"झालं का पाहून?" त्याने विचारलं.

"हे फळ्यावर का नही लिहिलं? वही हाये म्हनून?"

"दोन वर्षांच्या भरवशावर तीन लाटा सांगितल्या, असं लिहिलं असतं तं कोन ऐकनार होतं? तूच पहिले हसला असता."

ते खरं होतं. तोतारामला ते कबूल करावं लागलं, पण त्याने तोंडाने कबूल केलं नाही. त्या संध्याकाळी तो ओट्यावर गेला आणि नंबर कोणासाठी सोडला होता, तो कोणी मागितला आणि चिठ्ठी कोणी परत पाठवली, हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सुपडू मान खाली घालून ऐकत होता. कोणी तोतारामला शाबासकी दिली नाही आणि कोणी दोषही दिला नाही. लोक ऐकून आपापल्या घरी गेले.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सिमल्याला तिसऱ्यांदा बर्फ पडला. या वेळी तोताराम लीलाधरच्या आधी सोसायटीत हजर होता. वाचलेल्या घडांसाठी आणि नव्या लागणीच्या कोवळ्या रोपांसाठी सगळं गाव कामाला लागलं. पोती गोळा झाली, बांधावर पालापाचोळ्याचे ढीग लागले, मोटारींच्या पाळ्या ठरल्या. कोणाच्या बागेत माणूस कमी असेल तिथे तोताराम स्वतः गेला. ज्यांनी त्याच्या बोलण्यावर नंबर मागे घेतले होते त्यांच्या बांधावर तो आधी गेला, न बोलावता.

चौथा दिवस उजाडला. तांबडं फुटलं तेव्हा सगळ्या शिवारात धूर उभा होता आणि माणसं घोंगड्या पांघरून वाऱ्याची वाट पाहत होती. वारा आला नाही. ऊन वर आलं, घोंगड्या उतरल्या. पाचव्या दिवशी उलट दमट, उबदार हवा सुटली आणि दुपारी लोकांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. सहाव्या दिवशी कोणी शेकोटी पेटवली नाही.

तोताराम लीलाधरच्या बागेत गेला. लीलाधर झोपडीत वही मांडीवर घेऊन बसला होता.

"चुकलं," तो म्हणाला.

तोताराम त्याच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत राहिला. हा खरंच चुकला की याला आधीच ठाऊक होतं, हे त्या चेहऱ्यावर कुठे दिसतं का, ते तो शोधत होता. जुनी सवय एका हिवाळ्यात जात नाही. त्याला तिथे जागरणाने आणि धुराने लाल झालेल्या डोळ्यांपलीकडे काही दिसलं नाही.

"लिही मंग," तोताराम म्हणाला.

"काय?"

"आली नही म्हनून लिही. माझ्यासमोर."

लीलाधरने लिहिलं. तोतारामने वाकून तारीख वाचली, महिना वाचला, आणि मग तो बाहेर पडला.

घरी बेबाबाई ओसरीवर धुराचा वास मारणारी पोती वाळत घालत होती. त्याच्या काजळलेल्या तोंडाकडे पाहून तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"मंग? आता लीलाधरभाऊवर इसवास हाये का नही?"

तोताराम पायरीवर बसला आणि चपलेतली माती झाडू लागला. "वहीवर हाये," तो म्हणाला. "त्याच्यावर पाहू."

बेबाबाईने एक पोतं त्याच्या अंगावर टाकलं आणि दुसरं टोक धरायला सांगितलं. दोघांनी मिळून ते दोरीवर ताणलं.